बरगडी आणि कमरेमधली जागा

जुन्या हाडांना एक वास असतो. मेणाचा, धुळीचा, वर्षानुवर्षं मिटून राहिलेल्या लाकडी पेटीचा, आणि या सगळ्याखाली अगदी पुसट असा, खडूच्या पुडीसारखा कोरडा. सकाळी नऊला मी प्रयोगशाळेचं दार उघडते तेव्हा खिडकीतून आलेलं तिरपं ऊन टेबलावर मांडलेल्या मणक्यांवर रेंगाळत असतं आणि तो वास उबेनं किंचित जागा झालेला असतो. सव्वीस वर्षं मी अंधेरीच्या एका फिजिओथेरपी महाविद्यालयात शरीररचना शिकवते आहे. मुलं माझ्या पाठीमागे मला ‘हाडंवाली बाई’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

मनुष्याच्या धडाइतकी सुंदर रचना मी दुसरी पाहिलेली नाही. एकावर एक तोललेले चोवीस सुटे मणके, मानेशी नाजूक आणि कमरेकडे येता येता भारदस्त होत जाणारे. त्यांतल्या मधल्या बारांना धरून पुढे वळलेल्या बरगड्या, हृदय आणि फुप्फुसं यांच्याभोवती राखण करत उभ्या. आणि तळाशी परातीसारखी पसरट श्रोणी, वरचा सगळा भार निमूट झेलून दोन्ही पायांना वाटून देणारी. या दोहोंच्या मध्ये, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्यामध्ये, कुशीला एक मोकळी जागा असते. तिथे हाताला हाड लागत नाही. माणसाला पाठमोरं उभं करायचं, त्याचे हात थोडे वर धरायला सांगायचे आणि आपली बोटं आडवी ठेवून ती जागा मोजायची. तीन-चार बोटं सहज बसली तर ठीक. दोन किंवा त्याहून कमी बसली तर समजावं, की आत मणके चेपत चालले आहेत आणि बरगड्या हळूहळू कमरेवर उतरू लागल्या आहेत.

हे शिकवलं की मी दरवर्षी मुलांना एकच गृहपाठ देते : घरच्या म्हाताऱ्या माणसावर हात बसवून या. पुस्तक वाचून कुणाचीही बोटं शहाणी होत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात खारदांड्याची एक मुलगी हा गृहपाठ करून आली. “मॅडम, माझ्या आजीला दीडच बोट बसलं. तीनदा बघितलं ना मी,” ती म्हणाली. आजीनं जन्मभर मासळीची टोपली डोक्यावर वाहिलेली. मी तिला शाबासकी दिली, आजीची तपासणी करून घ्यायला सांगितलं आणि पुढे सरकणार, तेवढ्यात ती सहज बोलून गेली, “तुमच्या आई आहेत ना मॅडम? त्यांना किती बसतात?”

वर्गात हशा पिकला. मी म्हटलं, “फालतू चौकशा नकोत, वही काढा.” माझा आवाज गरजेपेक्षा चढला होता. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या आयांवर हात बसवायला शिकवणाऱ्या मी माझ्या आईच्या पाठीला कधी हात लावला नव्हता.

आई घाटकोपरला राहते, एकटी, आमची चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर. मी मुलुंडला. मधलं अंतर म्हटलं तर काहीच नाही, पण कामात गुंतलेल्या माणसाला सणावाराखेरीज काही ते ओलांडता येत नाही. निदान मी माझी तशी समजूत घालून घेतली होती. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिनं फोनवर सांगितलं होतं, “भांडी घासताना कमरेत कसा चमकता गो.” मुंबईत पन्नास वर्षं काढूनही तिच्या तोंडचं मालवणी सुटलेलं नाही. मी तेव्हा रिक्षात होते, घाईत होते, आणि मोठ्या ऐटीत तिथल्या तिथे निदान करून मोकळी झाले : कंबर आखडली आहे. खुर्चीत बसून पुढे वाकायचं, हात पायाच्या अंगठ्यांना लावायचे, मग आडवं होऊन गुडघे छातीशी घ्यायचे. दहा-दहा वेळा, रोज. व्हिडिओसुद्धा पाठवला.

आणि मी रोज पाठपुरावा केला. साडेसातला रिक्षात बसले की फोन लावायचा. “केलंस?” “केलंय गो.” “किती वेळा?” “धा.” “शाब्बास, ठेवते.” एवढ्यावर मी स्वतःला गुणी लेक समजत होते. शेजारणींनाही तिनं सांगून ठेवलं होतं, माझा चेडू डाक्टरांका शिकवता. गणपतीला गेले तेव्हा ती मला थोडी बुटकी वाटली होती. वरच्या फळीवरचे डबे खाली ओट्यावर आलेले दिसले होते. मी तिची थट्टासुद्धा केली : “काय गं, आक्रसत चाललीस की काय!” ती हसली. मोदक वाढताना एका हातानं तिनं टेबल धरून ठेवलं होतं.

म्हाताऱ्या बायकांची हाडं तपासल्याशिवाय त्यांना पुढे वाकायचा व्यायाम द्यायचा नाही, कारण वाकताना सगळा भार मणक्याच्या पुढच्या भागावर येतो आणि ठिसूळ मणका तिथेच चेपतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, अधोरेखित करते, परीक्षेत विचारते. पण म्हाताऱ्या बायका म्हणजे दुसऱ्या कुणीतरी. आई ती आई. तिला कसली हाडं आणि कसलं वय! इतका साधा मूर्खपणा, आणि तो करायला मला सव्वीस वर्षांची विद्वत्ता लागली.

त्या रविवारी सकाळीच मी तिच्याकडे गेले. खिडकीत ऊन होतं, ओट्यावर सोलांच्या कढीचा आंबटसर वास होता. मी तिला भिंतीकडे तोंड करून उभी राहायला सांगितलं आणि मागून दोन्ही कुशींवर हात ठेवले. सुती लुगड्याआड तिचं अंग कोमट होतं, आणि केवढं कमी होतं! शेवटची बरगडी लागली, आणि लगेच कमरेचं हाड. मी बोटं आडवी केली. एक बसलं. दुसरं बसेना. मी पुन्हा चाचपलं, जरा मागे, जरा पुढे, जणू ती जागा तिथेच कुठेतरी असेल आणि मलाच सापडत नसेल.

आपण कडेवर घेतो, ते मूल कमरेच्या याच हाडावर बसतं आणि त्याचा पाय या खोलगट जागेला बिलगतो. चार वर्षांची घोडी होईपर्यंत मी तिथे बसून नळावर गेले, रेशनच्या रांगेत उभी राहिले, गिरणीतून सुटून येणाऱ्या बाबांची वाट पाहिली. आता तिथे माझी दोन बोटं मावत नव्हती. मला रडू आलं, आणि ती पाठमोरी होती हे बरंच झालं.

एक्स-रेत तीन मणके पुढून चेपलेले दिसले, पाचरीसारखे. चेपलेला मणका पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. उरलेल्यांना जपायचं, एवढंच हाती असतं. डॉक्टर तरुण होते, सौम्य होते. “आजी, तुम्ही पुढे वाकायचे व्यायाम वगैरे करत होतात का?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, “नाय हो डाक्टर, माका खयचो वेळ व्यायामाक!”

आणि मी गप्प बसले. व्यायाम मी दिला, एवढं म्हणायला एक क्षण पुरला असता. तो क्षण माझ्यासमोरून गेला आणि मी त्याला जाऊ दिलं. चेपलेल्या मणक्यांइतकंच हे गप्प बसणंही मला अजून सलतं.

घरी आल्यावर मात्र मला राहवेना. तिला उशी देऊन बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, “आई, चूक माझी आहे. तो व्यायाम तुला द्यायलाच नको होता. डॉक्टरांना खोटं कशाला बोललीस?”

“मगे काय? चार माणसांत तुझी मान खाली घालूची?”

“आणि दुखत नव्हतं का करताना?”

“दुखत होता तर. पयल्या दिवसापासना.”

“मग सोडलं का नाहीस?” मी जवळजवळ ओरडलेच. “वर्ष-दीड वर्ष! एकदा तरी सांगायचंस!”

तिनं पेला खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, एखाद्या मंद पोरीकडे पाहावं तसं, पण मायेनं.

“सोडलंय म्हणान सांगलंय, तर मगे सकाळी फोन कित्याक करतलंस तू?”

मी तिच्या पाठीमागची उशी सारखी केली. मग ती म्हणाली, भात लावूया, तुका भूक लागली असतली, आणि टेबलाचा आधार घेत उठली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला रिक्षात बसल्यावर मी नेहमीसारखा फोन हातात घेतला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. “बोल गो,” ती म्हणाली, आणि वाट पाहू लागली. रिक्षा एक सिग्नल ओलांडून गेली, दुसऱ्याला थांबली. तिला काय विचारावं याचा मी अजून विचारच करत होते.