शेळी गाभण आहे का?

गावातल्या शेळ्यांचं औषधपाणी बघणारी पशुसखी झाले तेव्हा भोकरदनच्या प्रशिक्षणात एक गोष्ट घोकवून घेतली होती: जंताचं औषध पाजण्याआधी शेळी गाभण आहे का, ते विचारायचं; कोवळ्या महिन्यात औषध बाधलं तर शेळी गाभडते, गर्भ पडतो. मी विचारलं. आमच्या गल्लीत बचत गटाच्या अकरा बायकांच्या शेळ्या. अकराही घरांतून ‘न्हाई’ आलं आणि मी मोठ्या ऐटीत औषध पाजत सुटले.

पाचव्या दिवशी शेजारीण परसदारानं आली. नवऱ्यामागं तिला ही एकच शेळी. करडं झाली की ती विकून पोरीला कॉलेजात घालायचं तिनं ठरवलं होतं. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाली, “शेळी चारा खाईना गं. गाभण हाय, महिना झाला.”

“मंग न्हाई कामून म्हणालीस?”

“कवळा महिना. सांगितलं की नजर लागती.”

तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. मीही याच मुलखातली. कवळ्या महिन्यात कोणी कबूल होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? डॉक्टरांना फोन लावला. “गाभडू शकते. आता फक्त लक्ष ठेवा,” एवढंच ते म्हणाले.

रोज उजाडताच मी तिच्या दारात. शेळीची शेपटी उचलून रक्त दिसतंय का बघायचे. शेळी गाभडली तर त्या पोरीचं शिक्षण माझ्या हातानं बुडणार होतं. पिंपळगावच्या रेणुकाईला कितीदा हात जोडले, सांगता येणार नाही.

दहाव्या दिवशी शेळी चाऱ्याला लागली. डॉक्टर बघून गेले, धोका टळलेला दिसतो म्हणाले. मी घरी येऊन ज्वारी निवडणाऱ्या सासूबाईंपुढं सगळं रडून सांगितलं.

त्यांनी मान वर केली नाही. “आपली काळी बी गाभण हाय. तू भोकरदनला गेल्ती तवाच बोकड दाखवला.”

सासूबाईंचं ‘न्हाई’ ऐकून आमच्या काळीला मी सगळ्यात आधी औषध पाजलं होतं.

“आत्याबाई, मला तरी सांगायचं!”

“तुला कसं सांगू माय? गावभर शेळ्या बघत फिरती. पहिली तुहीच नजर लागायची.”