डावी नाकपुडी

माझ्या लेकीचा डावा डोळा जन्मल्यापासून पाण्याने भरलेला असायचा. रडली नाही तरी गाल ओला, आणि झोपून उठली की पापण्या चिकटलेल्या. आमच्या कोळीवाड्याने निदान करून टाकलं होतं: डोळे आलेत. शेजारणी दारातूनच बाळ बघायच्या, आपल्या पोरांना आत पाठवायच्या नाहीत आणि वर मलाच विचारायच्या, "अजून डोळं आल्यालंच हायत?" असा संताप यायचा! एकच डोळा महिनोन् महिने येत नाही, एवढी अक्कल मला होती.

शेवटी तिला अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाला लागून, हलकंच दाबलं, तशी पिवळट घाण वर आली. मग दोन्ही डोळ्यांत रंगीत औषधाचा थेंब टाकून थांबल्या. उजव्यातला रंग ओसरला, डाव्यातला तसाच राहिला.

"डोळे आलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी असते, म्हणून तर रडलं की नाक वाहतं. हिची डावी नळी खाली बंद आहे. हात धुवून, नखं कापून इथे दाबायचं आणि बोट नाकाच्या कडेने खाली न्यायचं. बहुतेकांची वर्षाच्या आत उघडते. नाही उघडली तर भूल देऊन आत बारीक तार घालू."

एवढ्याशा जिवाला भूल! काही झालं तरी तिथवर वेळ येऊ द्यायची नाही, असं मी परतीच्या वाटेवरच ठरवलं.

पण डोळ्याजवळ बोट न्यायला मी धजत नव्हते. सासूबाई रोज बाळाला पायांवर घेऊन तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या. मी त्यांना सांगितलं, "आई, नाकाजवळ दाबून चोळायचंय." त्या खूश झाल्या. "डाक्टरीनपन तेच सांगती व्हय? मी कवापासून करतंय."

आठवडे गेले, डोळा होता तसाच. एरवी मी सकाळीच कामावर जायची; एका सुट्टीच्या दिवशी न्हाणीच्या दारात बसून बघितलं, तर सासूबाई तेलाच्या चिमटीत नाकाचं हाड धरून वर ओढतायत!

"आई, हे काय?"

"नाक काढतंय गो. नकटी ऱ्हायली तर कोन लगीन करील हिच्याशी?"

हसावं की कपाळ बडवावं! मी त्यांचं बोट धरून डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. "इथे दाबा. आणि वर नाही, खाली."

"खाली केलं तर नाक बसंल ना गो!"

"बसू दे."

त्यांनी नातीच्या नाकावरचं तेल पुसलं. "बसू दे," त्याही म्हणाल्या. त्या दिवसापासून सुके बोंबील हाताळलेले हात साबणाने खसाखसा धुवून त्या बोट खाली नेऊ लागल्या, आणि त्यांचं बघून मीही.

वाढदिवस जवळ आला. पुढच्या खेपेला तार घालायची तारीख ठरवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी लेक रडली की तिच्या नाकाकडेच बघायची. उजवी नाकपुडी वाहायची, डावी कोरडी ठणठणीत.

आणि एका सकाळी, अंगणात वाळत घातलेला बोंबील तिने तोंडात घातला, मी तो हिसकावला, तिने भोकाड पसरलं. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "शेंबूड पूस गो पोरीचा!"

मी बघितलं. दोन्ही नाकपुड्या वाहत होत्या. दोन्ही!

"कुणी पुसायचा नाही!" असं ओरडून मी लेकीला डोक्यावर उचललं आणि अंगणभर नाचले. सासूबाई धावत आल्या. "डावीच ना गो? नीट बघ." मग त्यांनी स्वतः वाकून बघितलं आणि रस्त्याकडे तोंड करून सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या पोरीचं नाक व्हातंय!"

अलिबागला पुन्हा गेलो तेव्हा दोन्ही डोळ्यांतला रंग ओसरला. तार टळली, भूल टळली.

लेक नकटीच आहे. सासूबाई त्याच नाकाचे मुके घेतात.