पिवळ्या ओळी आणि ऑपरेटर मावशी

माझी मावशी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर. बोर्डावर दिवा लागला की तो विझेपर्यंत तिला चैन पडत नसे. जेवताना दोनदा उठणं हा तिचा हक्कच होता म्हणा ना.

मग बोर्डच काढून टाकायचं ठरलं. सगळ्या विभागांचे नंबर वेबसाइटवर टाकायचे, लोक थेट फोन करतील. नंबरांचं हे पान दोघी ऑपरेटरांपैकी जी बनवून दाखवेल, तिला संगणक विभागात जागा. दुसरीची रवानगी तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. दुसरी म्हणजे संध्याकाळच्या पाळीची, घोगऱ्या आवाजाची. मावशी तिला घोगरीच म्हणायची. घोगरीने आधीच हात टेकले. "तूच शीक बाई. तुला दमा आहे, त्या धुळीत तुझं काही खरं नाही."

शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी याच धंद्यात. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, हे तिला चटकन पटलं. पण ते संगणकावर चढवताना पडद्यावर पिवळ्या सूचना येतात. त्या असून नसल्यासारख्या, हे काही केल्या पटेना. प्रत्येक सूचनेखाली दुरुस्तीची एक आज्ञा सुचवलेली असते. बाईसाहेबांनी एकेक करून सगळ्या दिल्या. संध्याकाळपर्यंत सांगाडा असा मोडला की पान उघडेचना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच घोळ.

"मावशी, लाल दिसलं तर थांब. पिवळ्याकडे कानाडोळा कर," मी फोनवर वैतागून म्हटलं.

"इशारा आलाय आणि मी बघत बसू? कानाडोळा केला असता तर इतकी वर्षं नोकरी टिकली असती का?"

"आता कानाडोळा केलास तरच टिकेल."

तिने फोन ठेवला. मग पिवळ्या ओळी उमटायच्या त्या पडद्याच्या भागावर तिने चक्क वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी पान उघडलं. पांढऱ्या पडद्यावर 'नमस्कार' एवढंच, पण तिने ते बघायला झाडूवाल्यालाही बोलावलं. मला मनापासून आनंद झाला. पुढे नंबर चढवणं म्हणजे तिच्या हातचा मळ. ते तर तिला तोंडपाठच होते.

साहेबांनी पान पाहिलं, मान डोलावली. महिनाअखेरीस बोर्ड निघाला. मावशी वरच्या मजल्यावर गेली, घोगरी तळघरात.

पान लोकांसाठी खुलं करायच्या दिवशी मी तिच्या शेजारी होते. पानावरचा प्रत्येक नंबर ती स्वतः लावून बघत होती. शेवटचा तळघराचा. एका रिंगमध्येच फोन उचलला गेला, आवाज तोच घोगरा.

"नमस्कार, इस्पितळ. कुणाला जोडून देऊ?"

 मावशी हळूच म्हणाली, "कुणाला नको गं. मीच आहे."