एका वेलांटीची विधवा

माझ्या मावशीला मी माझ्या हाताने विधवा केलं. तिचं लग्न कधी झालंच नव्हतं.

लढाई पेटली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायची. पुरुष कमी पडू लागले तेव्हा सैन्याला बायका आठवल्या. "अडला हरी, आणि गाढव मी," असं ती स्वतःच म्हणायची. अडकलेली मशीनगन ती डोळे मिटून मोकळी करायची, म्हणून तिला मशीनगनवरच बसवलं. पुलावर तिने दोन दिवस मारा चालू ठेवला, तेवढ्यात सगळी तुकडी पलीकडे गेली. ती परतली ती कमरेत लोखंडाचा तुकडा आणि एक बहिरा कान घेऊन. पुन्हा तोच कारखाना, तीच मशिनं. स्थळं यायची, पण 'माणसं मारलेली बाई' म्हटलं की चहा अर्धा टाकून उठायची.

तुकडीच्या कारकुनाने तिला प्रमाणपत्र दिलं होतं. कागद छापील. वर हाताने लिहिलेलं आडनाव, एक आद्याक्षर आणि 'मशीनगन, पूल'; खाली 'शत्रूशी शेवटपर्यंत लढला'. "लढली हवं ना?" तिने विचारलं. तो म्हणाला, "एका वेलांटीसाठी नवे कागद छापू काय?" मावशी हे हसत हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

यंदा तो तुकडा सरकला. पाय सुजून काळानिळा झाला. तो काढायची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर माजी सैनिकांच्या इस्पितळातच होता, आणि महिन्याभरात तुकडा निघाला नाही तर पाय जाणार होता. तिथे दाखल व्हायला सैनिक म्हणून नोंद लागायची, म्हणून मी तिला घेऊन नोंदणी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबाने नखाने दात कोरत कागद वाचला आणि त्याच बोटाने ओळ दाखवली.

"हे तर पुरुष आहेत."

"ही काय, समोर उभी आहे!"

"ताई, कागद बोलतो तेच खरं. लढला. हयात असतील तर त्यांना आणा. नसतील तर या बाईंचा विधवा म्हणून अर्ज भरा. विधवेलाही इस्पितळ मिळतं. आडनाव जुळतंय, आजच शिक्का मारतो. दुरुस्ती हवी असेल तर आठ महिने."

वर उपकार केल्यासारखा हसला.

"मी सही करणार नाही," मावशी सगळ्या कचेरीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली. "पाय गेला तर जाऊ दे. पुलावर मी होते."

बाहेरच्या बाकावर मी तिला तासभर समजावलं. मग रडले. मग म्हणाले, "सही कर, नाहीतर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." तिने केली. मृत्यूच्या तारखेच्या जागी मी पुलावरच्या लढाईची तारीख लिहिली.

इस्पितळात शिपायाने हाक मारली, "पुलावरच्या मशीनगनवाल्यांची विधवा कोण?" शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा, छातीवर पदकं लावलेला, लगबगीने सरकून बसला.

"पुलावरचे तेच ना? अहो, मी शेजारीच होतो! काय मर्द माणूस! या एवढ्या मिशा. माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेले हो."

आजूबाजूचे हळहळले. थुंकावंसं वाटलं मला. मावशीचा बहिरा कान त्याच्या बाजूला होता.

"काय म्हणतोय गं हा?"

शिक्क्याचा कागद माझ्या पिशवीत होता. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती.

"काही नाही. तब्येत विचारतायत."

मावशीचा चेहरा उजळला. कमरेवर हात दाबून ती ताठ बसली, त्याच्याकडे वळली आणि बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं, "बरी आहे मी. तुम्ही कुठल्या तुकडीत लढलात?"

तो माझ्याकडे बघून हसला. "आता बाईमाणसाला काय सांगायचं लढाईतलं!"

आणि मी मेलीने मान डोलावली.