'हाव जी' म्हणजे हो नव्हे

मला वाचवलं ते एका महिला हवालदारांनी. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं सांगायला धीर येईल.

सहावीत शाळा सुटली आणि यवतमाळकडून मी पुण्यात आले, कात्रजला एका घरी मूल सांभाळायला. घरची दोघंही कंपनीच्या बसने हिंजवडीला जात. एके सकाळी घरच्या ताईंची सोनसाखळी सापडेना. मला चौकीत नेलं.

"तूच घेतलीस ना?" साहेबांनी विचारलं.

"हाव जी."

आमच्याकडे मोठं माणूस बोललं की आधी 'हाव जी' म्हणायचं. ऐकतेय, एवढाच त्याचा अर्थ. साहेबांनी ती कबुली धरली.

बाल न्याय मंडळापुढे मला न्यायला हवालदारबाई आल्या, साध्या साडीत. बाहेर गाडीत बेड्या घातलेले दोन बाप्ये होते. शिपाई मला त्यातच चढ म्हणाला.

"लहान आहे ती. त्यांच्याबरोबर नेणार नाही," बाई म्हणाल्या.

"मग राजकन्येला रिक्षा करा," शिपाई हसला.

"करते की. तुम्ही भालदार म्हणून पुढे पळा."

रिक्षात मी कोपऱ्याला सरकून बसले. आत कोंडतील का? आईला कोण कळवणार?

"काही खाल्लंस का गं?"

"हाव जी."

"काय खाल्लंस?"

खाल्लं होतंच कुठे!

बाईंनी मला निरखून पाहिलं. "ही रिक्षा म्हणजे विमान आहे का?"

"हाव जी."

"भाडंही विमानाचंच घेतो मग," रिक्षावाला म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

मंडळाच्या दारात गर्दी होती. बाईंनी पदराआड माझं तोंड झाकून मला सरळ आत नेलं आणि न्यायाधीश मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, हिला हो-नाहीचं काही विचारू नका. कशालाही 'हाव जी' म्हणते. मी रिक्षेत विचारून बघितलंय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बाळ, काय झालं ते तूच सांग."

बाईंचा हात पाठीवर होता.

"साखळी म्या पाह्यलीच नाही जी."

चौकीतलं ते 'हाव जी' कबुली नव्हे, असं मॅडमनी तिथेच सांगितलं. आईला बोलावून मला तिच्या हवाली केलं. पुढे साखळीही सापडली, पलंगाच्या गादीखाली.

पोलिसांची गाडी दिसली की अजून मी रस्ता बदलते. बाई, तुम्ही आता निवृत्त व्हाल. दुखलंखुपलं तर मला हाक मारा, मी राहायला येईन. तुमचे उपकार एक दिवस फेडल्याशिवाय मी राहणार नाही.