शैलाताईची कळशी

काकूचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "शैला दमली गं…" एवढंच ती म्हणाली. गेली, असं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

शैलाताई माझी चुलत बहीण, तलवाड्याची. तिच्या हृदयात रक्त ढकलणारा कप्पा जन्मापासून एकच. लहानपणी खेळताना ओठ निळे पडले की ती उकिडवी बसायची. गावात सगळेच तसे बसतात, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी ओळखलं, मग मुंबईत ऑपरेशनं झाली. त्यानंतर अंगातून परतणारं रक्त तो कप्पा टाळून थेट फुफ्फुसांकडे जाऊ लागलं. सुट्टीत गावी गेले तेव्हा मी बिचकत त्याबद्दल विचारलं, तर ताई म्हणाली, "तिकडं मोटर न्हाई बसवलेली. उतारानं जातंय. आटलं की संपलं." म्हणून तिनं तहानेची वाट न बघता पाणी प्यायचं, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

आणि गावात दुष्काळ. टँकर आला की काकू आधी ताईची छोटी स्टीलची कळशी भरायची, मग बाकीची भांडी. ताई बायकांच्या दूध सोसायटीत माप घ्यायला बसायची, कळशी शेजारी. चारा संपत आलेला, दूध कमी झालेलं, तरी बायका उन्हातून यायच्या… मी कोपऱ्यातून बघायचे. कळशी त्यांच्याच पेल्यांत रिकामी व्हायची. ताई नुसते ओठ ओले करायची.

मी काकूला सांगितलं. तेव्हापासून काकू पेला तिच्या हातात द्यायची आणि संपेपर्यंत समोरून हलायची नाही. ताई माझ्यावर भडकली. "शाळा इंग्लिश, अन् चुगली बरी मराठीत जमती!" मग स्वतःच हसली.

अशी बरीच वर्षं गेली. शेवटी एकट्यानं ओढणारा तो कप्पा थकला. पाय सुजले, पोटात पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, आता पाणी बेतानंच द्या. त्या वर्षी विहीर भरलेली होती. ताई "आई, एकच घोट" म्हणायची आणि काकू चमचा हातात धरून बसून राहायची. मला म्हणाली, "जन्मभर पाज म्हनले. आता कावून नको म्हनत्यात गं?"

परवा गावी गेले होते. काकूनं सवयीनं सगळ्यांत आधी ती कळशी भरली. क्षणभर तशीच उभी राहिली. मग काठोकाठ पेला भरून माझ्या हातात दिला.

"पी."

मला तहान नव्हती. काकू समोरून हलली नाही… मी सगळं प्याले.