केर परत घरात

माणूस घराबाहेर पडलं की ते मुक्कामी पोचेपर्यंत मीराबाई केर काढत नाही. मागून झाडू फिरवला की गेलेल्याचं वाईट होतं, हे सासूनं तिच्या मनात पक्कं ठसवलेलं. नवरा कोंडू अंजूरहून रिक्षा घेऊन भिवंडीला गेला, तरी त्याचा फोन येईपर्यंत झाडू कोपऱ्यातच. एरवी बाई इतकी टापटिपीची, की पूर्णा गावच्या गोदामात पॅकिंग करतानाही पायाखालचा कचरा तीच उचलते.

म्हणून मुलगा विशाल नोकरीसाठी अमेरिकेला निघाला, तेव्हा तिला एकच घोर लागला. पोरगा पोचणार कधी?

कोंडूनं तिकीट वाचून निकाल दिला. "दुपारी दोनला सुटतं, साडेपाचला उतरतं. तारीख तीच हाय."

"साडेतीन तासांत अमेरिका?"

"मग! वर काय अंजूर फाट्याचं ट्रॅफिक हाय?"

तिला पटलं नाही, पण छापलेलं खोटं कसं म्हणायचं? साडेपाच वाजले. विशालचा फोन लागेना. दिवेलागणीनंतर झाडलं तर लक्ष्मी जाते, म्हणून तिकिटावर भरवसा ठेवून तिनं घाईघाईनं घर झाडलं आणि केर उकिरड्यावर टाकला.

तेवढ्यात शेजारची वनिता ऑफिसातून आली. पोरगा पोचला असेल हे मीराबाईकडून ऐकून ती म्हणाली, "काकी, साडेतेरा हजार किलोमीटर हाय. सोळा तास लागतात. ते साडेपाच तिथले. आपल्याकडं तवा उद्याची सकाळ."

"मग तिथं आता किती वाजले?"

"पहाटेचे पाच."

"कालची पहाट?"

"न्हाय, आजचीच."

आज पहाटे तर विशाल इथं चहा पीत होता! मीराबाईचं डोकं गरगरलं. एवढं मात्र उमगलं, की पोरगा अजून अधांतरी आहे आणि आपण मागून झाडलं. ती उकिरड्याकडे धावली, केर पदरात भरला आणि घरभर पसरला. त्यात शेजाऱ्यांचाही आला असेल, पण निवडत कोण बसतो?

कोंडू घरी आला तर पायाखाली खरखर. "येडी झाली काय?" म्हणता म्हणता त्याला सगळं कळलं, आणि आपलं तिकीटवाचन आठवून तो केर न विस्कटता पाय वर घेऊन खाटेवर बसला.

सकाळी फोन वाजला. "आई, पोचलो."

ती आधी रडली. मग म्हणाली, "वाटंत इमान हललं का रं?"

"एकदा लई हललं. मंग झालं शांत."

"कवा? किती वाजता?"

"कुठल्या घड्याळातलं सांगू?" विशाल हसला. "आज वार कुठला, तेच मला कळंना."

मीराबाईला वेळ सांगायची गरजच नव्हती. पोराला आपणच हलवलं आणि आपणच सावरलं, हे ती जन्मात कुणाला सांगणार नव्हती.

फोन ठेवल्यावर कोंडू हळूच म्हणाला, "आता तरी झाड."

तिनं झाडू उचलला आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवला. "तो खोलीवर कवा पोचणार? तुमी न्हाय सांगायचं. त्यालाच इचारा."